४६ पीसचं टूलकिट घेतलं, पण त्यात १७ चा पानाच नाही! घरी बाइक सांभाळायला नेमकी कोणती अवजारं लागतात?

गाडीला किती पीसचं किट लागतं, हा प्रश्नच चुकीचा आहे. आपल्या गाडीवर कोणत्या मापाचे नट-बोल्ट आहेत, हे आधी विचारा. मोजक्या अवजारांची यादी, त्यामागचं कारण आणि खरेदी करताना काय पाहायचं, हे समजून घेऊ.

गेल्या वर्षी एका सेलमध्ये मी ४६ पीसचं टूलकिट मागवलं. प्लास्टिकची हिरवी पेटी, आत चकचकीत गोट्या, छोटा रॅचेट, स्क्रू ड्रायव्हरचे बिट. रविवारी सकाळी माझ्या १२५ सीसीच्या गाडीचं ऑइल बदलायला बसलो. इंजिनाखालच्या ड्रेन बोल्टला लागतो १७ चा पाना. किटमध्ये गोट्या होत्या १३, माप ४ ते १४ मिलिमीटर. म्हणजे सगळ्यात मोठी गोटीसुद्धा बोल्टपेक्षा लहान.

मग घरातला नळाच्या कामाचा अ‍ॅडजस्टेबल पाना आणला. पहिल्या झटक्यात तो घसरला, दुसऱ्या झटक्यात बोल्टचे दोन कोपरे गेले, तिसऱ्या झटक्यानंतर मी थांबलो. गाडी ढकलत गॅरेजमध्ये नेली. तिथल्या काकांनी झिजलेल्या बोल्टवर लहान मापाची गोटी हातोडीने ठोकून बसवली आणि बोल्ट सोडवला. नवा बोल्ट, नवा वायसर, ऑइल आणि मजुरी असा सगळा खर्च झाला. वर काकांनी ऐकवलं ते वेगळंच : ‘‘अरे, पाना बसला नाही तर फिरवायचाच नाही. इंजिनीअर ना तू?’’

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये कानशीने लोखंड घासण्यात आमचं एक अख्खं सेमिस्टर गेलं होतं. पण ‘पाना बसला पाहिजे’ हा धडा मला शिकवला तो या बोल्टने.

घरी काय करायचं आणि काय नाही?

अवजारं घेण्याआधी कामं ठरवा, कारण कामांवरूनच यादी तयार होते. साध्या कम्युटर बाइकवर घरी सहज जमतील अशी कामं मोजकीच आहेत :

• टायरची हवा तपासणं
• चेन साफ करणं, तेल देणं आणि तिचा ताण जुळवणं
• इंजिन ऑइल बदलणं
• स्पार्क प्लग काढून पाहणं, बदलणं
• एअर फिल्टर बदलणं
• बॅटरीचे टर्मिनल साफ आणि घट्ट करणं
• क्लच केबल आणि मागच्या ड्रम ब्रेकचा फ्री प्ले जुळवणं
• आरसे, फुटरेस्ट, नंबर प्लेट यांचे सैल झालेले नट-बोल्ट आवळणं

एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ निकष लागू झाले आणि कार्ब्युरेटरची जागा बहुतांश गाड्यांमध्ये फ्युएल इंजेक्शनने घेतली. त्यामुळे पूर्वीसारखं पेचकस घेऊन कार्ब्युरेटर जुळवणं हा प्रकार नव्या गाड्यांत जवळपास संपला. इंजेक्शन, सेन्सर, एबीएसची यंत्रणा, डिस्क ब्रेकची हायड्रॉलिक लाइन, इंजिनचं आतलं काम आणि फोर्क ही कामं मेकॅनिककडेच राहू द्या. गाडी वॉरंटीत असेल तर मोफत सर्व्हिस ठरल्या वेळी अधिकृत केंद्रातच करून घ्या.

वरच्या यादीतली कामं मात्र बीएस-६ आल्यानंतरही बदललेली नाहीत. चेन तीच, नट तेच, पानेही तेच.

आधी गाडी मोजा, मग दुकानात जा

हे पंधरा मिनिटांचं काम आहे आणि त्याने पैसे वाचतात. मालकाच्या मॅन्युअलमध्ये ऑइल, प्लग, चेन यांची पानं उघडा. गाडी मेन स्टँडवर लावा आणि वरच्या यादीतल्या प्रत्येक कामासाठी कोणता नट किंवा बोल्ट उघडावा लागतो, ते पाहा. प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढा.

माप घेताना बोल्टच्या डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर घ्यायचं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजायचं नाही. व्हर्नियर असेल तर उत्तम. नसेल तर सीटखालच्या किटमधले पाने लावून पाहा, किंवा पुढच्या सर्व्हिसच्या वेळी मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून तो कोणता पाना उचलतो ते टिपून घ्या. शेवटी अशी यादी हातात यायला हवी : ‘बॅटरी १०, आरसा १४, ड्रेन बोल्ट १७, मागचा अ‍ॅक्सल नट १९.’ हा फक्त नमुना आहे, तुमच्या गाडीची मापं वेगळी असू शकतात.

१०, १२, १४, १७ हेच आकडे का?

बोल्टला दोन मापं असतात. एक आट्यांच्या दांड्याची जाडी, दुसरं डोक्याची रुंदी. पाना बसतो तो डोक्यावर. गंमत अशी की दांडी तीच असली तरी डोक्याचं माप कोणत्या मानकाने बनवलं यावर बदलतं.

८ मिमी जाडीचा बोल्ट घ्या. आंतरराष्ट्रीय म्हणजे आयएसओ मानकात त्याचं डोकं १३ मिमीचं असतं, जपानी वळणाच्या गाड्यांत १२ चं. १० मिमीच्या बोल्टला आयएसओत १६, जुन्या जर्मन मानकात १७, तर जपानी पद्धतीत १४. आपल्याकडच्या कम्युटर बाइकची परंपरा मोठ्या प्रमाणात जपानी तंत्रावर वाढली. म्हणून ८, १०, १२, १४, १७ ही मापं गॅरेजमध्ये सतत ऐकू येतात. केटीएमसारख्या युरोपीय वळणाच्या गाडीवर मात्र १३ वारंवार लागतो, शिवाय चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स बोल्टही भेटतात. जुन्या बुलेटवर तर काही ठिकाणी इंची मापाचे नट निघतात.

१२ आणि १३ मध्ये फरक एका मिलिमीटरचा. पण १२ च्या डोक्यावर १३ चा पाना लावला तर तो सपाट बाजूला न टेकता फक्त कोपऱ्यांवर टेकतो. सगळा जोर सहा कोपऱ्यांवर येतो आणि नट ‘गोल’ होतो. माझ्या ड्रेन बोल्टचं हेच झालं. अ‍ॅडजस्टेबल पान्याचा जबडा जोर दिला की किंचित उघडतो, कारण त्याच्या स्क्रूत मोकळीक असते. घरात तो असू द्या, पण गाडीपासून लांब.

पाने : फिक्स, रिंग, टी की गोटी?

फिक्स पाना म्हणजे उघड्या तोंडाचा. तो बोल्टच्या दोनच बाजू पकडतो. अडचणीच्या जागी आडवा सरकवता येतो, पण जोराच्या कामाला कच्चा. रिंग पाना डोक्याला सगळीकडून वेढतो, त्यामुळे घट्ट बसलेला नट सोडवायला तोच. एका टोकाला फिक्स आणि दुसऱ्या टोकाला त्याच मापाची रिंग असलेल्या पान्याला कॉम्बिनेशन पाना म्हणतात. नवशिक्याने पहिली खरेदी याचीच करावी. जोराने सोडवायचं रिंगने, मग भराभर फिरवायचं फिक्स टोकाने.

दुकानदार अनेकदा दोन्ही टोकांना वेगवेगळी मापं असलेल्या दुतोंडी पान्यांचा सेट पुढे करतो : १०-११, १२-१३, १६-१७. कमी पान्यांत जास्त मापं मिळतात, हे खरं. पण आरपार बोल्टला एका बाजूने डोकं आणि दुसऱ्या बाजूने नट असतो आणि बऱ्याचदा दोन्हींचं माप एकच. एक धरायचा, एक फिरवायचा. दुतोंडी सेटमध्ये एका मापाचं एकच तोंड, मग दुसरा हात रिकामा राहतो.

यावर गॅरेजमधला जुना उपाय म्हणजे टी-पाना. इंग्रजी टी अक्षरासारखा, खाली गोटी, वर आडवी मूठ. ८, १०, १२ आणि १४ चे टी-पाने घेतले की कॉम्बिनेशन पान्यांच्या जोडीला याच मापांचं दुसरं अवजार मिळतं. खोलात बसलेला बोल्टही गाठता येतो आणि दोन बोटांनी गरगर फिरवता येतो.

मग सॉकेट सेट? तो नंतर घ्या. घ्यायचा झाला तर पाव इंची चौकटीच्या ४६ पीसपेक्षा तीन-अष्टमांश इंची रॅचेट आणि हव्या तेवढ्याच गोट्या सुट्या घ्या. गोटी आतून सहा कोनांची निवडा. बारा कोनांची गोटी बसवायला सोपी असते, पण झिजलेल्या डोक्यावर तीच आधी घसरते.

स्क्रू ड्रायव्हर : सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जास्त नुकसान

साइड पॅनल, एअर फिल्टरचं झाकण, इंडिकेटर अशा ठिकाणी चार कोनांचे, म्हणजे फुली असलेले स्क्रू असतात. त्यांना नंबर असतात आणि गाडीवर मुख्यतः नंबर २ लागतो. जुन्या गाड्यांच्या इंजिन कव्हरवर नंबर ३ सुद्धा असतो. घरात सहसा एकच मध्यम स्क्रू ड्रायव्हर असतो आणि तो सगळीकडे चालवला जातो. मग फुलीचा खड्डा होतो.

इथेही जपानी मानकाचा मुद्दा आहे. जपानी फुली आणि नेहमीची फिलिप्स फुली दिसायला सारख्या, पण आतला आकार थोडा वेगळा. फिलिप्सचं टोक जपानी स्क्रूत पूर्ण खोल बसत नाही आणि जोर दिला की वर उसळतं. काही जपानी स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तीच खूण. यामाहा आरएक्स १०० सारखी जुनी गाडी सांभाळत असाल तर जेआयएस टोकाचा एक स्क्रू ड्रायव्हर घेणं परवडतं. त्याच गाड्यांच्या जाम झालेल्या कव्हर स्क्रूंसाठी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो. एक घाव बसला की टोक आत दाबलं जातं आणि त्याच क्षणी फिरतंही.

नव्या गाडीला नंबर २ चा एक चांगला, जाड मुठीचा ड्रायव्हर पुरतो. फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जोर ठेवा. बॅटरी टर्मिनलच्या स्क्रूवर अनेकदा फुली असते आणि बाहेरून षट्कोनी डोकंही असतं. अशा वेळी स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा आणि पाना लावा.

उरलेली यादी

एलन की : हँडलबारचा क्लॅम्प, कॅलिपर, फेअरिंग यांवर आतून षट्कोनी खड्डा असलेले बोल्ट असतात. ४, ५ आणि ६ मिमी जास्त लागतात. गोल टोकाची की तिरकी घालता येते, पण शेवटचा जोर सरळ टोकानेच द्या.

प्लग पाना : हाही मोजून घ्या. आजच्या बऱ्याच छोट्या बाइकमध्ये १० मिमी आट्यांचा प्लग असतो, त्याला १६ चा पाना लागतो. जुन्या १४ मिमी आट्यांच्या अनेक प्लगांना २१ चा. सीटखालच्या किटमध्ये प्लग पाना असेल तर तो आधी वापरून पाहा, बहुधा नवा घ्यावा लागणार नाही.

पक्कड : एक साधी आणि एक निमुळत्या तोंडाची. क्लिप, तार, कॉटर पिन यांसाठी. पकडीने नट फिरवायचा नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

हवेचा गेज : या यादीतलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं अवजार. हवा टायर थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी काढण्याआधी तपासायची. योग्य आकडे मॅन्युअलमध्ये असतात आणि बऱ्याच गाड्यांत चेन कव्हरजवळच्या स्टिकरवरही.

याशिवाय चेनसाठी ब्रश आणि ल्युब्रिकंट, गंजलेल्या नटावर मारायचा स्प्रे, वापरलेलं ऑइल धरायला पसरट ट्रे, रबरी हातमोजे आणि जुन्या बनियनच्या चिंध्या.

किती आवळायचं? टॉर्क रेंच लागतोच का?

नट सैल राहिला तर गळून पडतो, हे सगळ्यांना माहीत असतं. अति आवळला तर आटे जातात, हे एकदा खर्च झाल्यावर कळतं. इंजिनचं आवरण अ‍ॅल्युमिनियमचं आणि बोल्ट पोलादाचा. भांडणात नेहमी अ‍ॅल्युमिनियम हरतं.

थोडा हिशोब. ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटरचा पीळ पुरतो. १० चा पाना असतो साधारण १३ सेंटिमीटर लांब. म्हणजे टोकाला सुमारे आठ किलोचा जोर, हाताने सहज देता येतो तेवढाच. लहान मापाचा पाना आखूड आणि मोठ्या मापाचा लांब, यामागे हेच कारण आहे. पान्याच्या लांबीतच त्याची मर्यादा बसवलेली असते. त्याच पान्याला पाइप लावून लांबी अर्धा मीटर केली, तर त्याच आठ किलोत पीळ जवळपास चौपट होतो. आटे तिथेच संपतात.

म्हणून पहिल्या दिवसापासून टॉर्क रेंच लागतोच असं नाही, पण पाइप लावायचा नाही आणि आखूड पाना मनगटाच्या जोराने आवळायचा. ड्रेन बोल्ट, प्लग आणि मागचा अ‍ॅक्सल नट तुम्ही नियमित उघडणार असाल, तर मात्र पुढची खरेदी टॉर्क रेंचचीच ठेवा. घेताना रेंज पाहा. मोटारीच्या चाकांसाठीचा अर्धा इंची रेंच बहुधा २८ न्यूटन-मीटरपासून सुरू होतो, बाइकच्या बारीक बोल्टला तो निरुपयोगी. बाइकला साधारण १० ते ६० न्यूटन-मीटरच्या टप्प्यातला हवा. त्याने नट सोडवायचा नाही, फक्त शेवटचं आवळायचं. ‘टक्’ झालं की थांबायचं. काम झालं की आकडा सगळ्यात खाली आणून ठेवायचा.

दुकानात काय पाहायचं?

पान्यावर माप आणि कंपनीचं नाव ठळक, खोल उमटलेलं हवं. ‘क्रोम व्हॅनेडियम’ लिहिलेलं असणं चांगलं, पण ते लिहायला पैसे पडत नाहीत, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. सोबत तुमच्या मापाचा एक सुटा बोल्ट न्या आणि पाना बसवून डावी-उजवीकडे हलवा. खडखडला तर परत ठेवा. फिक्स तोंडाच्या आतल्या दोन बाजू समांतर आणि स्वच्छ हव्यात. झाकपाक चकाकीखाली फुगे दिसले तर ती मुलाम्याची मेहेरबानी समजा.

भारतीय अवजारं याबाबतीत अजिबात कमी नाहीत. जालंधर आणि लुधियाना ही देशातली हाताच्या अवजारांची मोठी केंद्रं. टपारियाचा कारखाना तर आपल्या नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत आहे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर प्रत्येक पाना हातात घेऊन, सुटा विकत घेता येतो. पुण्यात जुन्या बाजारात वापरलेली चांगली अवजारं मिळतात, फक्त तोंड झिजलेलं नाही ना, ते पाहा. ऑनलाइन घेताना पीसच्या आकड्याऐवजी मापांची यादी वाचा. ४६ पैकी माझ्या गाडीला लागणाऱ्या गोट्या निघाल्या चार. बाकी बहुतेक बिट होते, त्यातले काही कशासाठी असतात हे मला अजून कळलेलं नाही.

पहिल्या खरेदीची यादी

• कॉम्बिनेशन पाने : ८, १०, १२, १३, १४, १७, १९ (तुमच्या यादीप्रमाणे कमी-जास्त)
• टी-पाने : ८, १०, १२, १४
• स्क्रू ड्रायव्हर : फुलीचा नंबर २ आणि एक चपटा
• एलन कीचा सेट
• साधी आणि निमुळती पक्कड
• प्लग पाना, सीटखालच्या किटमध्ये नसेल तरच
• हवेचा गेज

सुटे, नामांकित भारतीय कंपनीचे घेतले तर हा सगळा खर्च साधारण अडीच ते साडेतीन हजारांत बसतो. सगळं एकदम घ्यायची गरज नाही. पुढच्या महिन्यात चेनचं काम करायचंय, तर त्याला लागणारे दोन पाने आज घ्या.

काम करताना चार गोष्टी

चेन साफ करताना इंजिन बंदच हवं. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून फिरत्या चेनवर कापड धरणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. कापड ओढलं गेलं की मागोमाग बोटं जातात. मेन स्टँडवर न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवा.

चेनचा ताण जुळवून अ‍ॅक्सल नट आवळल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या का पाहा आणि कॉटर पिन असेल तर नवी लावा. मागचा ब्रेक दाबून बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. बॅटरी सोडताना ऋण टर्मिनल आधी, जोडताना शेवटी. काही गाड्यांच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, तो हलत नसेल तर जोर वाढवण्याआधी दुसऱ्या दिशेने फिरवून पाहा.

वापरलेलं ऑइल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका. बाटलीत भरून गॅरेजमध्ये द्या, तिथे ते गोळा केलं जातं.

आणि नट सुटतच नसेल तर? स्प्रे मारा, चहा घ्या, पुन्हा प्रयत्न करा. तरीही हलला नाही तर कोपरे शाबूत असतानाच गॅरेज गाठा. चांगल्या डोक्याचा बोल्ट मेकॅनिक दोन मिनिटांत सोडवतो, गोल झालेल्यावर त्याचा अर्धा तास जातो आणि आपले पैसे.

माझी हिरवी पेटी अजून घरात आहे, लॅपटॉपचे स्क्रू उघडायला कामी येते. गाडीसाठी आता कापडी पिशवीत बारा-तेरा अवजारं आहेत. गेल्या महिन्यात ऑइल बदललं तेव्हा १७ च्या पान्याची रिंग ड्रेन बोल्टवर चढवली, जराही न खडखडता बसली. एका सरळ ओढीत बोल्ट सुटला आणि सहाही कोपरे जागच्या जागी होते.